जावयाच्या शर्टाचा आंबट वास

त्या दिवाळीला लेक वर्ध्याच्या स्टेशनवर एकटीच उतरली. दोघं नागपूरहून एकाच गाडीत बसली होती, तिकिटंही बरोबरच काढलेली. जावई उतरलाच नाही. तो पुढे गेला, पुलगावच्याही पुढे, नदीचा पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात. तिथं त्याची मावशी राहते. मी लेकीला विचारलं, सणाला आलेला जावई आधी सासरी येतो की मावशीकडे जातो? ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत येईल गं. आला खरा, पण तोंडात लवंग घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्याचा शर्ट धुवायला घेतला आणि तो हातात धरून मी मोरीत तशीच उभी राहिले. उजव्या कुशीवर तळहाताएवढा तपकिरी डाग होता. चहाचा म्हणावा तर तसा वास नव्हता. रात्रभर राहिलेल्या आंबिलीसारखा आंबट, वरून थोडा गुळमट, आणि त्या दोन्हींच्या खाली आणखी एक वास. तो मी ओळखते.

आमचा जिल्हा दारूबंदीचा. माझं लग्न व्हायच्या आधीपासूनचा. पण बंदी असली म्हणून दारू नसते असं नाही. माझा थोरला भाऊ जीप चालवायचा. वेलदोडा चघळत, कधी बडीशेप चघळत घरात शिरायचा आणि मी दाराशीच त्याचा वास घ्यायची. तो हसत जवळ येऊन बोलला म्हणजे प्यायलेला नाही, लांबून बोलला म्हणजे प्यायलेला, हेही मला कळायला लागलं होतं. पन्नाशी न बघताच तो गेला. त्यानंतर मी महिला मंडळात शिरले. धाम नदीच्या काठानं आम्ही बाया काठ्या घेऊन फिरायचो, वाळूत पुरलेले मोहाचे सडवे, दारूसाठी आंबत ठेवलेली मडकी, हुडकून फोडायचो. अंगणवाडीची नोकरी सांभाळून मी हे सगळं केलं. जमिनीखाली काय आंबतंय ते मला चालता चालता कळायचं. बाकीच्या बाया मला पुढे चालायला लावत.

तर अशा घरात त्या वासाचा शर्ट आला.

जावई पुलगावचा. घरचं कापडाचं दुकान, पण हा दुकानात बसला नाही. मागाच्या यंत्रांचा इंजिनिअर झाला आणि बेल्जियमला गेला. तिकडच्या फ्लँडर्स भागात माग बनवणारे मोठे कारखाने आहेत म्हणे. माझी लेक वर्ध्यालाच सूक्ष्मजीवशास्त्र शिकली आणि शिष्यवृत्ती मिळवून त्याच देशात पोचली. परदेशात दोन वऱ्हाडी माणसं भेटली, सूत जुळलं, आम्हीही हरकत घेतली नाही. कोणी विचारलं तर मी सांगायची, मुलगी अन्नाच्या प्रयोगशाळेत आहे. तिनं मला तेवढंच सांगितलं होतं.

जावयाबद्दल तोवर माझी काही तक्रार नव्हती. कमी बोलणारा, ताटात वाढलं ते खाणारा माणूस. पण कमी बोलणाऱ्यावर मी कधीच पूर्ण भरवसा ठेवलेला नाही. आता तर तो रोज दुपारी जेवण झालं की निघायचा. कुठे, तर मावशीकडे. परदेशातून आलेला माणूस एकदा मावशीला भेटतो, फार तर दोनदा. हा रोज जात होता, आणि संध्याकाळी परत यायचा तेव्हा तोंडात लवंग असायचीच. मी लेकीला विचारलं. दाढ दुखते त्याची, असं ती म्हणाली आणि फराळाचा डबा उघडून बसली. डोळ्याला डोळा दिला नाही. ह्यांना विचारलं, म्हणजे आमच्या घरच्यांना, तर हे पेपरमागून म्हणाले, "जावई आहे तो. पोलीस होऊ नको."

पोस्टात जन्म गेलेला माणूस. दुसऱ्याचं पाकीट उघडायचं नाही हे त्यांच्या अंगात मुरलेलं. माझ्या अंगात तसं काही मुरलेलं नाही.

पाडव्याला जावयाला ओवाळताना मी ताट जरा जास्तच जवळ नेलं. निरांजनाच्या उजेडात त्याचा चेहरा घामेजला होता. वास आला तो तेलाचा, उटण्याचा आणि लवंगेचा. दुसरं काही नाही. पण भाऊ गेल्यापासून मी 'काही नाही' यावरही विश्वास ठेवत नाही. लवंगेनं काय काय झाकता येतं ते मला ठाऊक होतं.

मग एकदा खोली झाडायला गेले. त्याची बॅग पलंगाखाली होती, झाडू लागायचं निमित्त झालं आणि मी ती ओढून उघडली. आतल्या कप्प्यात पेपरात गुंडाळलेलं एक बूच निघालं. जाड, वरून छत्रीसारखं फुगलेलं, आणि त्याला बारीक तारेची जाळी अडकलेली. बूच अर्धं तपकिरी झालं होतं. नाकाशी धरलं तर शर्टाचाच वास. मी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि झाडणं पुरं केलं. लेक बाहेर शेजारणीशी हसून बोलत होती. तिच्या हसण्याकडे मी लक्ष देऊन ऐकत होते. हिला माहीत असेल का? माहीत असून झाकत असेल का? माझी वहिनीही अशीच अंगणात उभी राहून हसायची.

दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं की पवनारला मैत्रिणीकडे जाते, आणि पुलगावची बस धरली. जावई जेवून निघायच्या आधीच मला पलीकडे पोचायचं होतं. बसमध्ये बसल्यावर मात्र माझं मलाच चमत्कारिक वाटलं. साठी उलटलेली बाई सणाच्या दिवसांत जावयावर पाळत ठेवायला निघाली होती. पुलगावला उतरले तेव्हा परत फिरावं असंही मनात आलं. पण पदराच्या टोकाला ते बूच टोचत होतं. मी ऑटो केला. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. पलीकडे रस्त्याच्या कडेला पहिली जी पाटी दिसते ती दारूच्या दुकानाची. आमच्याकडची कितीतरी माणसं त्या पाटीपर्यंत येतात आणि मग पुलावरून झोकांड्या खात परततात. मी तिकडे न बघता बसून राहिले.

मावशीला मी लग्नात भेटले होते. विधवा बाई, कडक सोवळ्याची, एकटी राहते. मला दारात बघून तिला आश्चर्य वाटलं नाही, उलट सुटल्यासारखी ती पुढे आली.

"बरं झालं आल्या. आता तुमीच सांगा त्याले," ती म्हणाली. "माह्या घरात हे नाई चालणार. मी शिवत नाई त्याले, फ्रिजमंदी ठेवू देत नाई. देवाचं दूध ठेवते मी त्यात."

तिनं मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. पूर्वी तिथं गहू ठेवायचे. कोपऱ्यात खाली वाळू अंथरलेली, तिच्यावर बाटल्या उभ्या, आणि त्यांच्यावर ओलं पोतं. पोतं मी बाजूला केलं. काळपट काचेच्या जाड बाटल्या होत्या, प्रत्येकीच्या तोंडावर माझ्या पदराला होती तसलीच तारेची जाळी. वाळूत ठेवलेल्या बाटल्या बघून माझ्या हातांना सवयीची हालचाल सुचली. जवळ काठी असती तर त्या दिवशी मी काय केलं असतं ते मी सांगू शकत नाही.

तेवढ्यात जावई आला. मला बघून उंबऱ्यातच थांबला. मी पदराची गाठ सोडली आणि बूच त्याच्यासमोर धरलं.

"हे काय आहे?"

त्यानं चपला काढल्या, आत आला, पाण्याचा मग घेतला आणि आधी पोतं पुन्हा नीट पांघरून त्यावर पाणी शिंपडलं. मग म्हणाला, "आई, मी पीत नाई. अन् हे माहं नाई, एवढंच सांगू शकतो."

मग कोणाचं, असं मी विचारलं. मित्राचं? भावाचं? विकायला आणलंय? त्यानं मान हलवली आणि खिशातून फोन काढून लेकीला लावला. "आई इथं आहे," एवढंच बोलला. पलीकडचं "येते मी" मला फोनबाहेरही ऐकू आलं, आणि त्या दोन शब्दांत मला सगळं कळलं. म्हणजे कळलं होतं, पण मी ते आत येऊ देत नव्हते.

लेक येईपर्यंत दुपार कलायला लागली. मावशीनं पोहे केले, मी खाल्ले नाहीत. जावई ओट्यावर गाल धरून बसला होता. दाढ खरंच सुजली होती. इतके दिवस मी त्याच्या तोंडाकडे संशयानं बघत होते आणि ती सूज मला दिसली नव्हती.

ती आली ती सरळ त्या खोलीत. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. ती ज्याला प्रयोगशाळा म्हणायची ती बिअरच्या कारखान्यातली प्रयोगशाळा होती. फ्लँडर्समध्ये एक जुन्या वळणाची तपकिरी बिअर करतात, आंबट. साधी बिअर करून झाली की ती मोठमोठ्या पिंपांत महिनोन्महिने, कधी वर्षाच्या वर, मुरत ठेवतात. दह्यात असतात तसलेच जीव तिला हळूहळू आंबवतात. मग त्या आंबट जुन्या बिअरमध्ये नवी, गोडसर बिअर मिसळतात. किती जुनी, किती नवी, हे पिंपापिंपाची चव घेऊन ठरवावं लागतं, आणि ते ठरवणाऱ्यांत माझी लेक होती. पुण्याला काही लोकांना चव द्यायला ती या बाटल्या घेऊन आली होती. आपल्या जिल्ह्यात आणायच्या नाहीत, माझ्या घरात तर नाहीच नाही, म्हणून जावयानं त्या थेट इकडे उतरवल्या. गाडीत एकीचं बूच उडालं आणि त्याच्या अंगावर सांडलं. उन्हं अजून तापत होती, मावशी बाटल्यांना हात लावत नव्हती, म्हणून पोतं ओलं करायला तो रोज येत होता.

मी विचारलं, "तुह्या बाबाले माहीत आहे?"

"हो."

"मलेच काऊन नाई सांगितलं?"

तिनं वर बघितलं. डोळ्याला डोळा दिला, त्या दिवाळीत पहिल्यांदा. "सांगितलं असतं तर तू प्रत्येक वेळी माहा वास घेतला असता, आई. मामाचा घेत होती तसा. मी दारात आली की आधी वास, मग बोलणं."

मी भिंतीकडे बघत राहिले. जावई बाहेर मावशीशी उगाच काहीतरी बोलत होता, आमचं बोलणं तिच्या कानांवर जाऊ नये म्हणून.

मग मी म्हटलं, दाखव. ती दचकली. मी म्हटलं, जन्मभर मी ज्याची मडकी फोडली ते काय असतं ते मला ठाऊक आहे, पण तू काय करतेस ते मला ठाऊक नाही, दाखव. ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही माझा भरवसा वाटत नव्हता, मी बाटली हातातून घेऊन आपटीन असं वाटत असावं. तरी उठली. तिच्या पिशवीत पायमोज्यात गुंडाळलेला एक काचेचा पेला होता, पोटात फुगीर, तोंडाला निमुळता. तिनं एक बाटली उचलली, तार सोडली, अंगठ्यानं बूच दाबून धरत हळूच वर येऊ दिलं. उसासा टाकावा एवढाच आवाज झाला. पेला तिरपा धरून तिनं ओतलं. कोऱ्या चहासारखा रंग, पण दाराकडे धरल्यावर त्यात लाल झाक दिसली, काताच्या पाण्यासारखी. वर भुऱ्या रंगाचा फेस आला आणि बसला.

"आधी पिऊ नको," ती म्हणाली. "आधी वास घे."

आम्हा दोघींनाही त्या बोलण्याचा अर्थ एकदमच लागला, पण कोणी हसलं नाही. मी पेला नाकाशी नेला. पहिला आला तो तोच, शर्टाचा. सिरक्यासारखा, नाकात चढणारा.

"हे नासलंय," मी म्हटलं.

"नाई. थांब थोडी. पुन्हा घे."

पुन्हा घेतला. या वेळी सिरका मागे सरकला आणि पुढे काहीतरी आलं. वाळवलेली बोरं. शेतातून आणून आम्ही उन्हात टाकायचो, ती सुरकुतली की जसा वास सुटतो तसा. मग काकवी. मग जुनी चिंच, काळी पडलेली. मी एकेक सांगत गेले. सिरका आणि काकवीला तिनं मान डोलावली. बोरांना थोडी अडली, मग म्हणाली, तिकडे त्याला मनुका आणि आलुबुखार म्हणतात, पण बोरं चालतील. चिंच तिला सापडली नाही. ती मला एकटीलाच येत होती.

मग मी ओठ लावला. खोटं कशाला सांगू, आयुष्यात पहिल्यांदा. जिभेवर आलं ते गोडच, आणि मला वाटलं की ही फसवणूक आहे, माणसाला आत ओढण्यासाठी ठेवलेला गोडवा. तेवढ्यात जबड्याच्या दोन्ही बाजूंनी आंबटपणा आला, कैरी चावल्यासारखा, तोंडाला पाणी सुटलं. गिळल्यावर गोड काहीच उरलं नाही. कडूही नाही. तोंड कोरडं आणि स्वच्छ, ताक प्यायल्यावर होतं तसं. बिअर कडू असते असं ऐकून होते, म्हणून मी कडूची वाट बघत बसले. ते आलं नाही. त्याच्याऐवजी पुन्हा एक घोट घ्यावासा वाटला.

तिथंच मला भीती वाटली. मी पेला खाली ठेवला.

"काय झालं?" ती म्हणाली.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "म्हणूनच."

तिनं हात पुढे केला पण मला शिवली नाही. तिनं स्वतः एक लहानसा घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटून काहीतरी मोजल्यासारखी बसली. तिचा तो चेहरा मी आधी कधी बघितला नव्हता. भाऊ प्यायचा तेव्हा त्याचा चेहरा सैल पडायचा. हिचा चेहरा घट्ट झाला होता, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाचा होतो तसा. जुन्याचा आंबटपणा जरा पुढे आलाय, गाडीत हलल्यामुळे असेल किंवा उन्हामुळे, असं ती स्वतःशीच म्हणाली. मग उरलेलं तिनं मोरीत ओतून दिलं आणि पेला विसळला. मी बारकाईनं बघत होते. तिला ओतताना हळहळ वाटते का, हे मी बघत होते. मला ती दिसली नाही. पण दिसली नाही म्हणजे नव्हतीच असं मी अजूनही म्हणत नाही.

परतताना आम्ही तिघं एकाच बसमध्ये होतो. जावई खिडकीशी गाल दाबून बसला होता, त्याला मी वर्ध्याला उतरल्या उतरल्या दाताच्या डॉक्टरकडे पाठवलं. घरी आल्यावर ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, तिनं मला शपथ घातली होती. मी म्हटलं, शपथ मलाही घालता आली असती. यावर ते पेपर घडी करून बाहेर गेले.

लेक पुण्याला जाऊन तिकडची तिकडेच विमानानं गेली. बाटल्यांतलं लोकांना आवडलं, असं तिनं फोनवर सांगितलं. आता ती आठवड्याला फोन करते तेव्हा कामाचंही बोलते. एखादं पिंप हट्टीपणानं आंबत नाही, एखादं फार आंबलं, असं सांगते. मी ऐकते. मध्येच विचारते, आज किती घोट घेतले? ती सांगते. तो आकडा खरा असेल का, असं माझ्या मनात दर वेळी येतं, आणि तेही मी तिला सांगते. ती रागावत नाही. "विचारत जाजो," म्हणते.

मंडळाचं काम मी सोडलेलं नाही. मागच्या महिन्यात नदीकाठी पुन्हा मडकी सापडली, तेव्हा मी गेले होते. फोडताना हात थांबला नाही. तो मोहाचा सडवा, त्यात कोणी चव बघून जुनं-नवं मिसळत नव्हतं, त्यानं गावातली माणसं आडवी होत होती. पण परतताना मंडळाच्या अध्यक्षबाई माझ्याबरोबर चालत होत्या. आम्ही इतकी वर्षं एकत्र फिरलो आहोत. त्यांनी सहज विचारलं, लेक तिकडे नेमकं काय करते? नेहमीचं उत्तर तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं आणि खरं सांगितलं.

त्यांनी हातातल्या काठीनं वाटेतला दगड बाजूला केला. मग म्हणाल्या, "आंबट असते म्हणता?"

"हो. आंबट."

"मग लोक पितात काऊन?"

मी त्यांना बोरांचं सांगायला लागले, काकवीचं सांगितलं, आणि आधी गोड लागून मग जबड्यात कसं येतं ते सांगू गेले. पण मध्येच लक्षात आलं की त्या माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी थांबले. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आता मंडळाच्या बैठकीला गेले की कोणी हळू आवाजात बोलत असलं तर मला वाटतं, माझ्या त्या घोटाचंच चाललं असेल. अजून तोंडावर कोणी काही बोललेलं नाही.